बेस गळतोय कुठून? हेडफोन निवडतानाचा माझा अनुभव

माझा जुना हेडफोन एका दिवसात गेला नाही. आधी डाव्या कानातला आवाज मधूनच गायब व्हायला लागला. पिनेजवळची वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली की यायचा. मग मी तो कोन टिकवायला वायरीला रबर गुंडाळलं, त्या रबराचं टोक लॅपटॉपखाली दाबून ठेवलं आणि असे दोन महिने रेटले. माझं काम रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करण्याचं आहे. दिवसाचे पाच-सहा तास कानावर काहीतरी चढवलेलं असतंच. एके दिवशी एका मुलाखतीतल्या आजी 'सगळं केलं' म्हणतायत की 'सगळं केलं नाही', हे चारदा ऐकूनही कळेना. शेवटी अंदाजानं 'केलं नाही' टाइप करून फाइल पाठवून दिली आणि त्या रात्री नवीन हेडफोन शोधायला बसले.

बजेट बेताचं होतं. सगळ्यात स्वस्त रांगेपेक्षा एक-दोन पायऱ्या वर, त्याहून जास्त नाही.

पहिली खरेदी साफ फसली. मी ती कान बंद ठेवून, नुसता खोका वाचून केली होती. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारी आतली चकती), 'एक्स्ट्रा बेस', वायरलेस, ४० तासांची बॅटरी आणि आवाजाची कक्षा ५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ! माणसाला ढोबळमानानं २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं, तेही तरुणपणी. वय वाढतं तसा वरचा आकडा उतरत जातो. म्हणजे ४० किलोहर्ट्झची सोय वटवाघळांसाठी असावी. आणि त्या कक्षेत आवाज किती डेसिबलनं वरखाली होतो हे छापलेलं नसेल, तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. ५ हर्ट्झला आवाज निघतही असेल, पण कानापर्यंत पोचण्याइतका निघतो का, हे कोण सांगणार? ड्रायव्हरच्या मापाचंही तसंच. मोठा म्हणजे चांगला, असं काही नसतं.

गाणी लावली तर धडाम धुडूम मजा आली. मुलाखत लावली आणि बोलणारा माणूस तोंडावर गोधडी घेऊन बोलतोय असं वाटायला लागलं. खालचे सूर फार फुगवले की ते वरच्या सुरांना झाकून टाकतात, आणि शब्द ओळखू येतात ते नेमके त्या वरच्या भागातल्या 'त', 'स', 'क', 'फ' वगैरे व्यंजनांमुळे.

दुसरा घोटाळा मीटिंगमध्ये कळला. माइक चालू केला की सगळ्यांचे आवाज जुन्या लँडलाइनसारखे व्हायचे. पीस खराब म्हणून बदलून आणला, तर तोही तसाच. मग कळलं की दोष पीसचा नव्हता. ब्लूटूथवर गाणी एका पद्धतीनं येतात आणि माइकसकट बोलणं दुसऱ्या पद्धतीनं. या दुसऱ्या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला बहुधा ८ किंवा १६ हजारच घेतले जातात, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे अनुक्रमे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. उपाय फुकट होता. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक म्हणून हेडफोनच्या ऐवजी लॅपटॉपचा माइक निवडायचा. पुन्हा चांगलं ऐकू यायला लागतं.

तिसऱ्या गोष्टीला मात्र उपाय सापडला नाही. टाइप करताना माझ्या पायाखाली पेडल असतं. दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं, सोडलं की सुरू. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा पाचवा-चौथा भाग उशिरा पोचतो. गाणं ऐकताना हे कळतही नाही, व्हिडिओ पाहताना बहुतेक अ‍ॅप ते सांभाळून घेतात. पण मी 'थांब' म्हटल्यावरही माणूस एक अक्षर पुढे बोलून मोकळा व्हायचा. दिवसातून पाचशे वेळा हे झालं की चिडचिड होते. भाच्यानं तो हेडफोन एकदा डोक्याला लावला आणि म्हणाला, "मावशी, हा तर कसला भारी आहे!" त्याला देऊन टाकला. त्याच्यासाठी तो खरंच भारी आहे.

दुसऱ्या वेळी मी खोक्याला हातच लावला नाही. कागदावर लिहिलं: घरात वापरणार, लॅपटॉपला लावणार, सलग तीन तास घालणार, मुख्यतः माणसांची बोलणी ऐकणार, रात्री गाणी. एवढ्यावर अर्धी यादी गळली. वायरलेस गेलं. बेताच्या पैशांत वायरवाला घेतला की बॅटरी आणि चिपचा खर्च वाचतो आणि तो ड्रायव्हर नि कानावरच्या गादीवर पडण्याची शक्यता वाढते, असं माझं मत आहे. बाहेरचा आवाज मारणारी नॉइज कॅन्सलिंगची सोयही सोडली. ती पंख्याच्या किंवा इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर छान चालते. शेजारच्या खोलीतली भांडणं बरीचशी गादीनंच अडवावी लागतात.

मग प्रश्न आला, उघडा की बंद. कानावरची वाटी मागून जाळीची असली की आवाज मोकळा वाटतो, डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही. ही कल्पना बाजारात आणली सेनहायझर कंपनीच्या एचडी ४१४ नं, १९६८ साली, पिवळ्या फोमच्या गाद्या लावून. माझ्या मैत्रिणीकडे कॉसचा पोर्टा प्रो आहे. १९८४ चं डिझाइन, अजून विकलं जातं, वजनाला काहीच नाही. तो घालून पाहिला आणि मोह झाला. पण उघड्या हेडफोनमधून आवाज दोन्ही बाजूंनी ये-जा करतो. लोकांच्या खासगी मुलाखती मी खोलीभर ऐकवू शकत नाही. बंद वाटीचाच हवा होता.

त्याच मैत्रिणीनं तिच्या नवऱ्याचा २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) हेडफोनही आणला होता. फोनला लावला, आवाज पूर्ण केला, तरी गाणं शेजारच्या घरातून आल्यासारखं. "अगं, याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो," ती हसत म्हणाली. ओहमचा आकडा मोठा असला की फोनला किंवा लॅपटॉपला तेवढा व्होल्टेज देणं बरेचदा झेपत नाही. कधी कधी एकाच नावाखाली वेगळे ओहम विकले जातात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, म्हणजे नाव पाहून घेतलं आणि आकडा पाहिला नाही की संपलं.

ओहमच्या जोडीला संवेदनशीलता लिहिलेली असते, म्हणजे थोड्या विजेत किती मोठा आवाज निघतो ते. इथे मी एक आठवडा फसत होते. एका हेडफोनवर ९८ डेसिबल, दुसऱ्यावर ११२, मग दुसरा कितीतरी जोरात वाजणार ना? नाही. पहिल्याचा आकडा दर मिलिवॅटला होता, दुसऱ्याचा दर व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन मापांत जवळपास १५ डेसिबलचा फरक पडतो. हिशेब केल्यावर पहिलाच किंचित जोरात निघाला.

याच सुमारास बजेट वाढवावं का, हा किडा डोक्यात वळवळायला लागला. तो शांत केला २०१७ साली ध्वनिशास्त्राच्या एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत आलेल्या निबंधानं. येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं तपासली आणि खालपासून वरपर्यंतच्या सुरांचा तोल नि किंमत यांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही, असं लिहिलं. जास्त पैशांत बिजागरी, वायर, गादी, वजन, दिसणं हे सुधारत असेल. पण महाग म्हणून कानाला चांगला लागेलच असं नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

शेवटी तीन नग उरले. ते जिथे घालून बघता येतात अशा ठिकाणी मी स्वतःची तीन रेकॉर्डिंग घेऊन गेले. नुसता तानपुरा, नुसता तबला आणि पंख्याच्या घरघरीत दोन माणसं एकमेकांना तोडत बोलतायत अशी एक भिकार मुलाखत. तानपुऱ्यात जवारीचे, म्हणजे तारेच्या झणझणीचे, बारीक सूर सुटे ऐकू येतात का बघायचं. तबल्यात बायाची (डाव्या हाताच्या डग्ग्याची) घुमक खाली उतरून थांबते, की नुसती फुगून बसते, ते ऐकायचं. मुलाखतीबद्दल काही सांगायला नको.

पहिल्या फेरीत पहिला नग सरळ जिंकला. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की तो मुळातच जोरात वाजत होता. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' आवाज वाटतो. बेस भरलेला, सगळं स्पष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आधी तिन्हींवर एकच खरखराट लावला आणि कानाला सारखा वाटेपर्यंत आवाज जुळवला. पहिल्याला नऊ पायऱ्या लागल्या, दुसऱ्याला अकरा, तिसऱ्याला बारा. हे आकडे हातावर लिहून मग रेकॉर्डिंग ऐकली. कालचा विजेता थेट तिसरा आला.

दुसऱ्या नगात बोलणं अप्रतिम होतं, पण बाया कुठे गेला होता कोण जाणे. घुमक नाहीच, बोट पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखं. मी तो बाद करून खाली ठेवणार, तेवढ्यात चष्म्यावर वाफ धरली म्हणून चष्मा काढला. आणि बाया आला! चष्मा घातला, गेला. काढला, आला. मी हे सात-आठ वेळा केलं, काउंटरवरचा मुलगा बघत राहिला. चष्म्याची काडी गादीखालून कानाकडे जाते, तिथे गादी उचलली जाऊन बारीक फट राहते. बंद हेडफोनचा बेस कोंडलेल्या हवेच्या दाबावर चालतो. फट पडली की तो दाब निसटतो आणि सगळ्यात आधी खालचेच सूर जातात. बोटांनी वाट्या दाबून पाहिल्या, पुन्हा बाया आला.

तिसऱ्याची गादी जाड आणि मऊ होती. काडी तिच्यात रुतून बसायची, फट राहायची नाही. चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय फरक अगदी थोडा. कागदावर दुसरा नग सरस असेलही, पण मी कागद चष्मा लावूनच वाचते.

मग तिसरा नग अर्धा तास नुसता घालून बसले, काहीही न लावता. डूल रुततात का, टाळूवर भार येतो का, कान आतल्या कापडाला टेकतो का. वजन २५० ग्रॅमच्या आसपास, ३८ ओहम. वायर काढता येते, आणि वाटीतलं भोक साध्या ३.५ मिलिमीटर जॅकचं आहे. हे मी पिन खोचून पाहिलं, कारण काहींना तिथे खास आकाराचीच पिन लागते आणि मग ती वायर शोधत फिरा. गाद्या वेगळ्या विकत मिळतात हेही विचारून घेतलं. नकली चामडं कधीतरी सोलतंच, आणि मग कानामागे काळे कण चिकटतात. मॉडेलचं नाव लिहीत नाही. तो माझ्या डोक्याच्या आणि माझ्या चष्म्याच्या मापाचा आहे.

घरी आल्यावर दोन कामं उरली. पकड जरा घट्ट होती, म्हणून रात्रभर डोक्याहून किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला. दोन रात्रींत सैल झाला. दुसरं म्हणजे 'स' आणि 'श' टोचत होते. इक्वलायझर एपीओ नावाचं, सुरांचा तोल बदलणारं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर टाकलं आणि ७ किलोहर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल उतरवले. टोचणं गेलं. (काही वाढवायचं असेल तर आधी एकूण आवाज तेवढाच कमी करावा, नाहीतर फाटतो.) शंभर तास वाजवून ठेव, मग आवाज 'खुलेल', असा सल्ला एकानं दिला होता. मी काही वाजवून ठेवला नाही. आठवड्यानं तो मला जास्त आवडायला लागला, पण मला वाटतं, सवय माझ्या कानांना झाली.

बाहेरचा गोंगाट गादी अडवते म्हणून आवाज आता पूर्वीपेक्षा चार पायऱ्या खाली असतो. हे मला महत्त्वाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. माझे आठवड्याला तीस तास नुसत्या कामातच जातात.

पहिल्याच दिवशी मी ती आजींची फाइल परत उघडली. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आजी 'सगळं केलं नाही' म्हणतच नव्हत्या. त्या त्यांच्या बोलीत म्हणत होत्या, "सगळं केलंन् आईनं." सगळं आईनं केलं. पाठवून तीन आठवडे झाले होते. दुरुस्तीची मेल लिहिली, माफी मागितली आणि बाकीची फाइलही पहिल्यापासून ऐकायला घेतली.