जन्मवेळेच्या रकान्यात अडकलेलं माझं लग्न : माझा अनुभव

मुंबईत नोकरी करणाऱ्या, घरापासून लांब राहणाऱ्या आणि वधूवर सूचक मंडळात नाव घालायच्या विचारात असलेल्या मुलींसाठी हे लिहिते आहे. मंडळाचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरा. समोरच्या काकू कितीही प्रेमाने म्हणाल्या की ‘तू सांग, मी लिहिते’, तरी पेन त्यांच्या हातात देऊ नका. या एका गोष्टीपायी माझा एक पावसाळा आणि त्यापुढची अख्खी लग्नसराई फुकट गेली, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी मूळची कराडची. मुलुंडला आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याने राहतो. मंडळाच्या आधी ॲपवर होते. तिथला एक मुलगा मला खरंच आवडला होता, रोज रात्री गप्पा व्हायच्या. तो विरारचा. मुलुंड ते विरार म्हणजे दादरला उतरून लाइन बदलायची, आणि आम्हाला दोघांनाही मोकळा वार एकच, रविवार. त्या दिवशी कधी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, कधी पश्चिमवर. भेट पुढे ढकलता ढकलता बोलणंच थांबलं. त्यानंतर आई म्हणाली, आता मंडळात नाव घाल, आणि मलाही ते पटलं. निदान तिथे येणारी माणसं लग्न करायचं ठरवून आलेली असतात.

मंडळ दादरचं, जुनं, नावाजलेलं. फोटो, उंची, पगार, रक्तगट, गोत्र, अपेक्षा, सगळं अर्ध्या तासात झालं. मग काकूंनी विचारलं, “जन्मवेळ?”

“सकाळी सातच्या सुमारास.”

“सुमारास नको गं. कॉम्प्युटर सुमारास घेत नाही. तास आणि मिनिटं सांग.”

मी जन्मदाखला पुढे केला. तोवर मीही कधी नीट पाहिलं नव्हतं, त्यावर वेळ नसतेच. नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं, पत्ता, नोंदणी क्रमांक, एवढंच. सरकारला आपण कोणत्या दिवशी जन्मलो याच्याशी मतलब असतो, मिनिटाशी नाही. काकू म्हणाल्या, “आईला लाव फोन.”

आईने एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “संस्कृत बातम्या चालू होत्या.” प्रसूतिगृहात आयाबाईंच्या टेबलावर ट्रान्झिस्टर असायचा. ‘इयम् आकाशवाणी’ हे शब्द तिने ऐकले आणि त्या बातम्या संपायच्या आत मी जन्मले. संस्कृत बातम्या सकाळी ६.५५ ला लागायच्या आणि पाच मिनिटांत संपायच्या. काकूंनी ६.५७ लिहिलं. काम झालं असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन. “वहिनीला काय आठवणार? ती कळा देत होती! मी बाहेर बाकावर बसले होते. पुणे केंद्राच्या मराठी बातम्या लागल्या आणि तू रडलीस.” त्या बातम्या ७.०५ च्या. बाबा तेव्हा एसटी स्टँडवर चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या घड्याळात सव्वासात झाले होते म्हणे. पण बाबांचं घड्याळ एसटी चुकू नये म्हणून कायम दहा मिनिटं पुढे असतं, म्हणजे त्यांचंही मत ७.०५ कडेच झुकत होतं. आई भयंकर चिडली. “मी तिथे होते ना!” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती तिथे होती हे तर कोणीच नाकारत नव्हतं.

आठदहा मिनिटांनी काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं ते असं. पत्रिकेतलं पहिलं स्थान, म्हणजे लग्न, जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते त्यावर ठरतं. दिवसात बारा राशी उगवतात, म्हणजे साधारण दोन तासांनी लग्न बदलतं. माझ्या जन्मदिवशी ते नेमकं सात वाजण्याच्या आसपास बदलत होतं. लग्न एका राशीने पुढे गेलं की प्रत्येक ग्रहाचं स्थान एकाने मागे येतं. आईच्या वेळेप्रमाणे माझा मंगळ बाराव्या स्थानी, आत्याच्या वेळेप्रमाणे अकराव्या. पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं ही मंगळाची स्थानं मानतात. म्हणजे संस्कृत बातम्यांत जन्मले असेन तर मला मंगळ आहे, मराठी बातम्यांत जन्मले असेन तर नाही.

मैत्रिणींनी एका सुरात सांगितलं, ७.०५ लिहून मोकळी हो. आत्याही तेच म्हणाली. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मुलीला मंगळ लागू दे की न लागू दे, मी ऐकलं ते ऐकलं. खोटं कशाला सांगू?” यावर मी काहीच बोलू शकले नाही. जिच्या सांगण्याने मुलीचं नुकसान होणार होतं ती आईच आपलं म्हणणं सोडत नव्हती, आणि मला तिचा अभिमान वाटला.

मी काकूंना खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या माहितीत लिहिलं, ‘मंगळ : ?’

त्या प्रश्नचिन्हाने माझा घात केला. मंगळ असलेल्या मुलांच्या घरून निरोप यायचा, मुलीला मंगळ नक्की आहे का ते कळवा, नसेल तर जमणार नाही. मंगळ नसलेल्यांच्या घरून यायचं, नक्की नाही ना ते कळवा, असेल तर जमणार नाही. दोन्ही बाजूंची दारं एकाच वेळी बंद. फोटो आवडलेला, शिक्षण आवडलेलं, पगार आवडलेला, आणि शेवटी ते प्रश्नचिन्ह. बदलापूरच्या एका बाईंनी तर मला फोनवर विचारलं, “तुझ्या स्वभावावरून तुला काय वाटतं, आहे का मंगळ?”

मग काकूंनी पुरावा आणायला सांगितलं. मी कराडला गेले. प्रसूतिगृह बंद पडलेलं, डॉक्टर निवृत्त. त्यांच्या मुलाने मला चहा पाजला आणि समजावलं की वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायचे असतात. माझा जन्म १९९६ चा. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जन्मला असाल तर मात्र प्रसूती कक्षाच्या नोंदवहीसाठी अर्ज करून बघायला हरकत नाही, तिथे वेळेचा रकाना असतो. माझ्या कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला तिची वेळ तशी मिळाली.

कराडमध्येच एका ज्योतिषांकडे नेलं गेलं. ते आयुष्यातल्या घटनांवरून वेळ शुद्ध करून देतात. लहानपणी कुठे पडली होतीस का, गावाबाहेर कधी पडलीस, घरात कोणाचं मोठं आजारपण झालं का, असं सगळं विचारून त्यांनी बराच वेळ गणित मांडलं. शेवटी म्हणाले, लग्न संधीवर आहे, म्हणजे दोन राशींच्या सीमेवर. थोडक्यात, पुन्हा प्रश्नचिन्ह.

मी ते मंडळात सांगितलं, तर तिथून फर्मान निघालं की दोन वेगवेगळ्या ज्योतिषांचं लेखी मत आणा, दोन्ही जुळली तर नोंद बदलू. माझा संयम तिथे संपला. बारापैकी पाच स्थानांवर मंगळ धरतात, म्हणजे ढोबळमानाने बारा माणसांत पाच जण मंगळाचे. जन्मनक्षत्रावरून ठरणाऱ्या नाडी तर तीनच, तेव्हा दोघांची नाडी एकच, म्हणजे एकनाड, निघण्याची शक्यता तीनात एक, आणि तीही चालत नाही. छत्तीस गुणांपैकी निम्मे जुळले तरी पुरतात, पण या दोन गोष्टींवर माणसं भेटायच्या आधीच गळतात. हे मी काकूंना टेबलाशी उभी राहून सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, हे मी नाही ठरवलं.” ते मला मान्य होतं. पण प्रश्नचिन्ह तर त्यांनीच लिहिलं होतं.

“माझा फॉर्म दाखवा,” मी म्हटलं. त्यांनी फाइल काढली, आणि मला दुसऱ्या पानावर तो रकाना दिसला. ‘पत्रिका पाहणार का? होय / नाही.’ होय वर खूण. मला कोणी विचारलंच नव्हतं. पेन काकूंच्या हातात होतं, त्यांनी सवयीने करून टाकली होती.

“हे नाही करा.”

“स्थळं खूप कमी होतील.”

“होऊ देत.”

“बदल करायचा तर नवा फॉर्म, आणि नवीन फी.”

हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, असं मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. मागे रांग वाढत होती. एका मुलाचे वडील म्हणाले, “द्या की बदलून, काय मोठं आहे त्यात?” नियम काही सापडला नाही. होय वर काट आली, नाही वर खूण झाली, मंगळाचा रकाना कोरा झाला, आणि त्या पानाची झेरॉक्स घेऊनच मी उठले. दादर स्टेशनपर्यंत मी इतक्या जोरात चालत गेले की घाम फुटला, पण फार दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

स्थळं खरंच कमी झाली. पण जी यायची त्यांच्याशी पहिल्याच फोनला माणसासारखं बोलणं व्हायचं. काय वाचतोस, आईबाबांबरोबर राहायचं की वेगळं, स्वयंपाक येतो का. त्यातच वसईचं स्थळ आलं. वसई म्हणजे विरारच्या अलीकडचं दुसरं स्टेशन, पुन्हा तीच लाइन. या वेळी मी पहिल्याच फोनला सांगितलं, मेगाब्लॉक असला तरी रविवारी दादरला यायचंच.

ठरलं, ‘एक नंबरवर भेटू’. यातला घोळ मुंबईकरांना लगेच कळेल. पूर्वी दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे आपापले एक नंबर होते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर दिले, पण आमच्या तोंडी जुनंच बसलंय. तो पश्चिमच्या एकवर, मी मध्यच्या जुन्या एकवर, म्हणजे आताच्या आठवर. “मी एकवरच आहे.” “मीही एकवरच आहे.” मग दोघंही एकमेकांना शोधायला निघालो आणि पुलावरच्या गर्दीत चुकामूक होऊन तो आठवर पोचला, मी एकवर. शेवटी त्याने सांगितलं, “तू आहेस तिथून हलू नकोस, मी येतो.” आला तेव्हा दोघंही हसत होतो. तिथून चालत ‘प्रकाश’मध्ये गेलो, साबुदाणा वडा खाल्ला, पियुष प्यायलो आणि उठायचं लक्षात राहिलं नाही. पहिल्या भेटीसाठी खुणेची जागा सांगायची असेल तर पुलाचं किंवा तिकीट खिडकीचं नाव सांगा, फलाटाचा नंबर नको.

त्याची आई पालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका. माझी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, बाळ आलं की सगळ्यांची नजर आधी बाळाकडे. ते रडलं, श्वास नीट आहे, आईला फार रक्तस्राव होत नाही ना, हे झालं की मग घड्याळ. नोंदवहीतली वेळसुद्धा मागून लिहिलेली असते. आणि जन्म कधीचा धरायचा? डोकं बाहेर आलं तेव्हाचा, रडलं तेव्हाचा, की नाळ कापली तेव्हाचा?” हे मी आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “त्यांना म्हणावं, नाळ कापली तेव्हा मराठी बातम्या लागल्या असतील कदाचित.” आत्याला हे कळवलं आहे, तीही आता वाद घालत नाही.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय, विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे. दोघांपैकी एकाने नोटीस देण्याआधी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं, नाहीतर पुन्हा नोटीस. वयाच्या पुराव्याला जन्मतारीख लागते, वेळ कोणी विचारत नाही. भाड्याने राहणाऱ्या मुलींनी भाडेकरारात आपलं नाव आहे का ते आजच बघा. आमच्या करारात आधी फक्त एकीचंच नाव होतं, तो नव्याने करून घेतला तेव्हा माझा पत्त्याचा पुरावा झाला. तीन साक्षीदार लागतात. आईने सांगून टाकलंय की पहिली सही तिची. साक्षीदारांचीही ओळखपत्रं आणि फोटो मागतात, आणि मूळ कागद बरोबर ठेवावेत, तेव्हा गावाहून येणाऱ्यांना हे आधीच कळवून ठेवा.