केमनचे टायर : उजवा पुढचा खांदा आणि मी

मार्च, थंडरहिल

थंडरहिलच्या रेस ट्रॅकवर दिवसभर हौसेने गाडी पळवून घरी आल्यावर ती जॅकवर घेतली आणि उजव्या पुढच्या टायरवरून हात फिरवला. आतल्या बाजूची नक्षी जवळपास नव्यासारखी, मधली बरी, आणि बाहेरचा खांदा, म्हणजे नक्षीची बाहेरची कड, पार गोटा. डाव्या चाकाची अवस्था याच्या निम्म्यानेही वाईट नव्हती. मागची दोन्ही तर अजून वर्षभर चालली असती. म्हणजे पाऊण टायर शिल्लक असताना एका बोटाच्या रुंदीच्या पट्ट्यापायी चाक बाद.

ही नोंदवही मी पहिल्यांदाच उघडतोय, म्हणून गाडीबद्दल थोडं. २००७ ची पोर्श केमन एस, ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, सीटच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. १८ इंची चाकं, पुढे २३५/४०, मागे २६५/४० (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. थंडरहिलला जायचं म्हणजे पहाटे साडेतीनला निघून आय-५ महामार्गाने विलोजपर्यंत. टायरचा दुसरा संच सोबत नेण्याची सोय नाही, कारण केमनला दोन डिक्या असल्या तरी चार चाकं त्यात मावत नाहीत, आणि ट्रेलर ठेवायला माझ्याकडे जागा नाही. ज्या टायरवर जायचं त्यावरच दिवसभर पळायचं आणि त्यावरच घरी यायचं. टायर निवडताना माझी पहिली अट हीच.

खांदा उजवाच का गेला, हे ट्रॅकचा नकाशा पाहिला की कळतं. थंडरहिलची तीन मैलांची ईस्ट बाजू घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. दुसरं वळण म्हणजे संपता न संपणारं डावं वळण, आणि आठवं म्हणजे पोटात गोळा आणणारं वेगवान डावं. दोन्हीकडे गाडीचा सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो.

त्या दिवशी आठव्यावर माझी गाडी गरकन फिरलीही. वेग जास्त वाटला म्हणून मी वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला. भार पुढे सरकला, मागची चाकं हलकी झाली, आणि स्टिअरिंग उलटं फिरवायला हात हलेपर्यंत मी आलेल्या दिशेकडे तोंड करून गवतात उभा होतो. इंजिन मधे असलं की वजन गाडीच्या पोटाशी गोळा झालेलं असतं. त्यामुळे गाडी चटकन वळते आणि चटकनच गिरकी घेते. पुढे इंजिन असलेली गाडी इशारा द्यायला जेवढा वेळ घेते, तेवढा इथे मिळत नाही.

एप्रिल, गॅरेज

टायर घेण्याआधी कारण शोधायचं ठरवलं. मार्चमध्ये एका सेशननंतर पिटमध्ये शिरल्या शिरल्या सुईच्या पायरोमीटरने तापमानं घेतली होती. उजवा पुढचा : बाहेर ९८, मधे ८८, आत ७९ अंश सेल्सिअस. मधला भाग दोन्ही टोकांच्या बरोबर मधोमध आहे, म्हणजे हवेचा दोष नाही. दोष कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती झुकलंय त्या कोनाचा (वरची कड आत झुकली की उणे). वळणात गाडी कलते, मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शनची रचना कलताना कॅम्बर फारसा सांभाळत नाही, आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कंपनीच्या भागांवर माझ्या गाडीला पुढे उणे ०.९ अंशाच्या पलीकडे जाता येईना. बहुतेक सगळे करतात तेच केलं. पोर्शच्याच जीटी३ गाडीचे खालचे कंट्रोल आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), शिम म्हणजे पातळ चकत्या घालून लांबी वाढवता येणारे. आता पुढे उणे २.३, मागे उणे २.०, पुढे टो शून्य (चाकं सरळ समांतर), मागे थोडा टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत).

टायरच्या चर्चेत हे सगळं कशाला, असं वाटेल. पण हे न करता महागडा चिकट टायर घेतला असता, तर तोही खांद्यावरच संपला असता, आणि पकड जास्त म्हणून गाडी जास्त कलून आणखी लवकर. अलाइनमेंटला लागलेले पैसे एका संचात वसूल होतील असा माझा हिशोब आहे.

मे, निवड

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

गाडीसोबत आलेला संच रस्त्याचा समर टायर होता, एन मार्कवाला, म्हणजे पोर्शने स्वतः तपासून पसंत केलेला. पावसात उत्तम, फ्रीवेवर शांत. पण ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर त्याची नक्षी लिबलिबायला लागायची आणि स्टिअरिंगमधून काहीच कळेनासं व्हायचं. तो बाद.

दुसऱ्या टोकाला टोयो आर८८८आर आणि नानकांग एआर-१. कायद्याने रस्त्यावर चालतात, पण खोबणी मोजक्या. ट्रॅकवर त्यांची पकड काय असते ते मित्राच्या गाडीत शेजारी बसून पाहिलंय, मान दुखते. पण फेब्रुवारीच्या पावसात आय-५ वर पाणी साचलेलं असताना मला त्यावर घरी यायचं नाही. शिवाय अशी रबरं तापून थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी कडक होतात. नक्षी शिल्लक राहते आणि पकड गेलेली असते.

मिशलँचा कप २ या दोन टोकांच्या मधला, आणि मनापासून सांगतो, पैशाचा विचार नसता तर तोच घेतला असता.

उरला २०० ट्रेडवेअरचा गट. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, हँकूक आरएस४. इथे एक गोष्ट नव्या मंडळींनी लक्षात घ्यावी. टायरच्या बाजूला छापलेला ट्रेडवेअरचा आकडा टायर कंपनीच स्वतः देते. त्यामागची चाचणी टेक्सासमधल्या ४०० मैलांच्या रस्त्यावर, एकूण ७,२०० मैल साध्या वेगाने गाडी चालवून होते. तापलेल्या ट्रॅकवर काय होईल याचा त्यात काही संबंध नाही. म्हणून एकाच २०० च्या शिक्क्याखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे टायर बसतात. ए०५२ पहिल्या एक-दोन लॅपचा राजा, ऑटोक्रॉसवाले (शंकू मांडून आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाशी शर्यत लावणारे) त्यावर जीव टाकतात. आरएस४ तापायला वेळ घेतो, लॅपमागे काही दशांश मागे राहतो, पण २० मिनिटांचं सेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा वागतो. आणि पकड सुटण्याआधी ओरडतो. आठव्या वळणावर गिरकी घेतलेल्या माणसाला तो ओरडा दशांशापेक्षा मोलाचा. मी आरएस४ धरला.

मग मापाचं कोडं. मागे २६५/४० आर१८ हे माप ट्रॅकच्या टायरमध्ये शोधून पाहा, हाती फारसं लागत नाही. २६५/३५ सहज मिळतं. कागदावर हिशोब मांडला. २६५/४० चा व्यास ६६९ मिलिमीटर, २६५/३५ चा ६४३. म्हणजे मागची बाजू १३ मिलिमीटर खाली बसणार आणि सगळे गिअर चार टक्क्यांनी आखूड होणार. पुढे २३५/४० चा व्यास ६४५. कंपनीच्या मापात मागचं चाक पुढच्यापेक्षा पावणेचार टक्के मोठं असतं, ते आता जवळपास बरोबरीचं होणार, आणि एबीएस व पीएसएम (गाडी घसरू लागली की सावरणारी पोर्शची यंत्रणा) चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून निर्णय घेतात. गुणोत्तर सावरायला पुढे २२५/४० लावता येईल, पण मग पुढची पकड कमी होते, आणि माझं दुखणं तर पुढेच आहे. शेवटी पुढे २३५/४०, मागे २६५/३५. निकाल खाली.

दुकानात एका गृहस्थांनी सुचवलं होतं की पुढे चिकट टायर आणि मागे जुनेच ठेव, नाक आत येईल. नाक येईलच, पण पाठोपाठ शेपूटही येईल. मधे इंजिन असलेल्या गाडीत मागची पकड पुढच्यापेक्षा कमी होऊ देऊ नका. बदलायचे तर चारही, एकाच जातीचे.

जून, थंडरहिल

पहाटे १४ अंश, दुपारी ३७. टायरमधल्या हवेच्या दाबाचा खेळ दिवसभर चालला. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय धरा, म्हणजे नुसत्या हवामानानेच चार पीएसआय चढले. पळण्याने चढले ते वेगळेच. सकाळी थंड टायरमध्ये पुढे २७, मागे २८ ठेवून निघालो. लक्ष्य गरम असताना पुढे ३४, मागे ३५. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये थांबताच मोजून सोडत गेलो. परतताना १२ व्होल्टच्या पंपाने पुन्हा भरले. हे विसरू नका, दिवसभर हवा सोडलेले टायर रात्री थंड झाले की फ्रीवेसाठी फार कमी उरतात.

उजव्या पुढच्याचं तापमान : बाहेर ८९, मधे ९०, आत ९३. हे आकडे वहीत लिहिताना मला झालेला आनंद घरी कुणाला समजावता आला नाही, तुम्हाला समजेल.

लॅप मार्चमध्ये २:१४, आता २:११. यातलं किती टायरचं आणि किती कॅम्बरचं, वेगळं काढता येणार नाही. पीएसएमचा दिवा लागला नाही, एबीएस नेहमीसारखा. गिअर आखूड झाल्याचा फायदाच झाला, तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी जोमाने उचलते. तोटा एक : मागची बाजू खाली बसल्याने वळणात शिरताना नाक आत यायला थोडा आळस करतं. दुपारी ते जास्त जाणवलं. पेट्रोलची टाकी पुढे आहे, ६४ लिटरची. भरलेली आणि पाव उरलेली यांत पुढच्या ॲक्सलवरचा ३५ किलोचा भार जातो. चौथ्या सेशनआधी टाकी भरली आणि नाक पुन्हा ऐकू लागलं.

आठव्यावर या वेळी पाय उचलला नाही. थोडा सैल केला, टायर ओरडले, मागची बाजू बोटभर सरकली आणि जागेवर आली.

सप्टेंबर, लगुना सेका

२०२३ मध्ये नव्याने डांबर घातल्यापासून इथे पहिल्यांदाच गेलो. समुद्रावरचं धुकं दहापर्यंत हटलं नाही, त्यामुळे पहिल्या सेशनला आरएस४ तापायला पूर्ण तीन लॅप लागले. कॉर्कस्क्रू नावाच्या वळणात ट्रॅक खाली कोसळतो तिथे चाकं हलकी होतात, आणि थंड टायरवर ते अंगावर काटा आणतं. तिथे धीर धरावा. दुपारनंतर सगळं छान जुळलं. लगुनाही घड्याळाच्या उलट दिशेचा, तेव्हा इथेही राबला तो उजवाच.

सहा ट्रॅक दिवसांनंतर उरलेल्या नक्षीची खोली खोलीमापकाने मोजली. उजवा पुढचा : आत ३.१ मिलिमीटर, बाहेर २.८. डावा पुढचा : ३.९ आणि ३.८. मागे दोन्हीकडे चारच्या आसपास.

पुढचा दिवस सोनोमाला, नोव्हेंबरमध्ये. तो ट्रॅक घड्याळाच्या दिशेने पळतो, त्यामुळे पुढची चाकं डावी-उजवी न बदलता तशीच नेतोय. आता डाव्या खांद्याची पाळी. आकडे आले की इथेच खाली लिहीन.