पेवातला माणूस

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करत असताना, सलग दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत अपयश आल्यावर, मी रशियन लेखक दोस्तोयेव्हस्की यांची ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ ही लघुकादंबरी वाचली. १८६४ साली ती ‘एपोखा’ मासिकात प्रसिद्ध झाली. ‘अंडरग्राउंड’साठी मूळ रशियन शीर्षकात असलेल्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीच्या फळ्यांखालची जागा’ असा आहे. मला मात्र आजोबांच्या वाड्यातले ज्वारी साठवायचे जमिनीखालचे पेव आठवले, जे उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जीव घेते.

कादंबरीचा निवेदक ४० वर्षांचा माजी सरकारी कर्मचारी आहे. दूरच्या नातेवाइकाकडून ६,००० रूबल मिळताच तो नोकरी सोडतो आणि पीटर्सबर्गच्या टोकाला एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो. यकृत दुखते असे त्याला वाटते, पण केवळ आकसापोटी तो डॉक्टरकडे जात नाही. स्वतःचे हित कळले की माणूस शहाण्यासारखा वागेल, हा त्या काळच्या विचारवंतांचा विश्वास त्याला मान्य नाही. बे दुणे चार या हिशेबात आपण मावत नाही, हे दाखवण्यासाठी माणूस स्वतःचे नुकसानही करून घेईल, असे तो म्हणतो. पहिल्या भागातल्या या युक्तिवादाची चर्चा सर्वाधिक होते, पण माझ्या मते कादंबरीचा जीव दुसऱ्या भागात आहे.

तिथे तो २४ वर्षांचा आहे. जुन्या वर्गमित्रांच्या मेजवानीची वेळ पाचऐवजी सहा झाल्याचे त्याला कोणी कळवत नाही. पुढे त्याच मेजवानीत, कोणी लक्ष देत नसताना, तो आठ ते अकरा असे तीन तास टेबल ते शेगडी येरझारा घालत राहतो. त्याच रात्री वेश्यागृहात भेटलेल्या लिझाला तो घरसंसाराचे चित्र रंगवून रडवतो आणि आपला पत्ता देतो. काही दिवसांनी ती खरोखर येते. तो तिचा अपमान करतो, तरी हा माणूस स्वतःच दुःखी आहे हे ओळखून ती त्याला मिठी मारते. आणि ती निघताना तो तिच्या हातात पैसे कोंबतो. ती गेल्यावर पाच रूबलची चुरगळलेली नोट त्याला टेबलावर सापडते.

ते पान वाचताना मला डबा आठवला. आई रोज पहाटे उठून भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी करी आणि पहिल्या एसटीने पाठवी. निकालानंतर तीन दिवस मी तो घ्यायला बसस्थानकावर गेलोच नाही आणि डबा न उघडता गावाकडे परतला.

लिझाच्या मागे निवेदक बर्फात धावत जातो, ती दिसत नाही, आणि परतल्यावर तो स्वतःची समजूत घालतो की, हा अपमान तिला उन्नत करील, शुद्ध करील. सगळ्या कादंबरीत याहून भयंकर काही नाही. त्या तीन दिवसांत मीही स्वतःला सांगत होतो की, डबा परत गेला म्हणजे उद्यापासून आईचे पहाटेचे उठणे तरी वाचेल.