सातव्या तुकड्यातले चेलो

एका जुन्या माहितीपट मालिकेच्या संगीताची तबकडी मी मूळ टेपांवरून तयार केली. तिच्यातल्या सातव्या तुकड्यातले चेलो (व्हायोलिनच्या कुळातली, खालच्या सुरांची मोठी वाद्ये) टीव्हीवर ऐकले होते तसे का वाजत नाहीत, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारले आहे की उत्तर तोंडपाठ झाले आहे: मूळ टेप खराब झाली होती. हे उत्तर खोटे नाही. ती कोणाच्या हातून खराब झाली, एवढे मात्र मी गाळत आले आहे.

आधी माझी बाजू. माहितीपट मालिकेतले संगीत आणि तबकडीवरचे संगीत तंतोतंत एकच असते, हा समज मुळात चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौदलावरची ‘व्हिक्टरी अ‍ॅट सी’ ही २६ भागांची मालिका एनबीसी या अमेरिकी वाहिनीने १९५२-५३ मध्ये दाखवली. संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्या सुरावटींचा वाद्यवृंदासाठी विस्तार रॉबर्ट रसेल बेनेट यांनी केला. स्टिरिओ तबकडीसाठी मात्र बेनेट यांनी १९५९ मध्ये ते संगीत पुन्हा वाजवून घेतले, आणि अनेकांच्या कानांत बसलेले ‘मूळ’ हेच आहे. तेव्हा मूळ म्हणजे नेमके कोणते, असा उलट प्रश्न विचारून मी बरीच वर्षे सुटका करून घेतली.

आमच्या मालिकेच्या टेपा १९७० च्या दशकाच्या अखेरच्या. त्या काळातल्या अनेक टेपांवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतला दमटपणा शोषून चिकट होते. अशी टेप वाजवण्याआधी पन्नासेक अंशांच्या कोरड्या उष्णतेत काही तास ठेवावी लागते. आम्ही त्याला टेप बेक करणे म्हणतो. त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजते. हे मला पक्के ठाऊक होते, आधीची सगळी रिळे मी तशीच बेक केली होती. पण त्या दिवशी काम सकाळपर्यंत सोपवायचे होते, आणि हे शेवटचे रीळ बोटाला चिकटत नव्हते. मी ते तसेच लावले.

ओबो या फुंकवाद्याची ओळ स्वच्छ आली. चेलो सुरू झाले आणि आवाजाची धार बोथट होत गेली, मग यंत्रातून बारीक किंचाळी आली. तेव्हाच थांबवायला हवे होते. हेड (टेपेवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग) मळले असेल, एवढी ओळ संपू दे, असे मनाशी म्हणत मी अकरा सेकंद घालवले. थांबवल्यावर पाहिले तर हेडवर तपकिरी लेप बसला होता. कापसाच्या बोळ्याने तो पुसताना आपण काय पुसत आहोत, हे ध्यानात आले आणि हात थांबला. नंतर बेक केल्यावर उरलेले रीळ व्यवस्थित वाजले. ते अकरा सेकंद गेले ते गेले.

प्रसारित भागातून तेवढा तुकडा उचलता आला नसता का, असेही तुम्ही विचारता. निवेदक नेमका तिथेच मृतांचा आकडा सांगतो. राहता राहिले त्याच दिवशीचे दुसरे वादन. त्यातले अकरा सेकंद जोडावेत, कोणाला कळणार नाही, असे तेव्हा मला वाटत होते. पण त्या वादनाची लय चढी आहे आणि सांधा लपेना, म्हणून सबंध तुकडाच बदलला. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘पर्यायी वादन’ असे छापले. काम देणाऱ्यांनी कारण विचारले, तेव्हा टेपेच्या वयाकडे बोट दाखवले. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते की बोथट का होईना, पण तुकडा मूळचाच का ठेवला नाहीस. ती म्हणेल, पैसे देऊन घेणाऱ्याला बिघडलेला आवाज कसा द्यायचा? हेही मला पुरते खोडून काढता येत नाही.

आता नव्या आवृत्तीचे बोलणे चालले आहे. ते बिघडलेले मूळ वादन मी जपून ठेवले आहे. परवा पुन्हा ऐकले. चेलो जणू घोंगडीखालून वाजतात, पण लय तीच आहे, तुम्हाला आठवते ती. ते द्यायचे ठरले तर वेष्टनावर कारणही छापावे लागेल. मी अजून होकार कळवलेला नाही.