क्लासची डेप्थ, नोंद ३ : विसाव्या नावाचा रकाना

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये टीमच्या एकूण गुणांवरून दोन वर्षांच्या क्लासची (त्या वर्षी भरती केलेल्या शाळकरी खेळाडूंची) डेप्थ, म्हणजे तळापर्यंतचा दर्जा, ताडायचा प्रकार बंद केला. खोट सूत्रातच आहे. २४७स्पोर्ट्स या भरतीच्या वेबसाइटच्या कंपोझिटमध्ये (अनेक रेटिंगच्या एकत्रित मोजणीत) खेळाडू रेटिंगच्या उतरत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येकाचं वजन घंटाकृती वक्रानं घटतं. प्रमाण विचलन ९. पहिल्याचं वजन १ धरा. दहाव्याचं ०.६१, पंधराव्याचं ०.३०, विसाव्याचं ०.११ आणि पंचविसाव्याचं जेमतेम ०.०३. तळाचे पाच जण बदलले तरी बेरीज फारशी हलत नाही, आणि डेप्थ तर तिथेच असते. सरासरी याहून फसवी: पंधरा जणांच्या क्लासला शेपूटच नसतं, मग आकडा वर दिसणारच.

म्हणून आता दर क्लासचे तीन आकडे: ८व्या, १५व्या आणि २०व्या खेळाडूचा राष्ट्रीय क्रमांक. रेटिंग मुद्दाम टाळलं. मार्च २०२० ते ३१ मे २०२१ डेड पिरियड होता, म्हणजे प्रशिक्षकांना खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायला बंदी; कॅम्प नव्हते, कॅम्पसभेटी नव्हत्या. २०२१ च्या क्लासमधली पुष्कळ रेटिंग फिल्मवरच ठरली. ०.८८ रेटिंगचा अर्थ दरवर्षी तोच धरता येत नाही. क्रमांक निदान त्याच वर्षातल्या मुलांशी तुलना करतो.

शीटमध्ये क्रमांकांच्या रकान्यावर ‘स्मॉल’ फंक्शन लावून २० द्यायचा. क्रमांक नसलेली मुलं रिकामी राहतात, तेव्हा कॉलेजशी करारावर सह्या केलेले बावीस असूनही एरर येऊ शकते. ती लपवायला शून्य भरू नका! क्रमांकात शून्य म्हणजे पहिल्यापेक्षाही वरचा, आणि सगळ्यात पोकळ क्लास थेट यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो. तिथे ‘वीस नाहीत’ एवढंच लिहावं. आकडे फेब्रुवारीतल्या सह्यांनंतरचे घ्यावेत. डिसेंबरची यादी अर्धवट असते. ग्रेशर्ट (प्रवेश पुढे ढकलून पुढच्या वर्षात धरला जाणारा खेळाडू) दोन वर्षांत मोजला जात नाही ना, हेही पाहावं.

पोझिशनवार मोजणीत जुन्या याद्या छळतात. स्ट्राँगसाइड आणि वीकसाइड डिफेन्सिव्ह एन्ड (बचावफळीच्या दोन टोकांचे खेळाडू) हे तेव्हाचे रकाने. नव्या यादीत एज (टोकावरून चढाई करणारे) आणि डिफेन्सिव्ह लाइन (पुढची बचावफळी). सरसकट जोडणी जमत नाही, वीकसाइडवाले एजमध्ये आणि स्ट्राँगसाइडवाले वजन बघून हाताने टाकावे लागतात.

पोझिशन का मोजायची, तर टेक्सास ए अँड एमचा २०२२ चा क्लास बघा. देशात पहिला, आठ फाइव्ह-स्टार (सर्वोच्च श्रेणीचे). त्यांतले चार एकट्या डिफेन्सिव्ह लाइनवर: वॉल्टर नोलेन, शेमार स्टुअर्ट, एलटी ओव्हरटन, गॅब्रिएल ब्राउनलो-डिंडी. तरी त्या मोसमात टीम ५ जिंकली, ७ हरली. २०२३ च्या मोसमानंतर नोलेन ओल मिस आणि ओव्हरटन अलाबामा या दुसऱ्या कॉलेजांत गेला. त्यामुळे चौथा रकाना वाढवलाय: दुसऱ्या स्प्रिंग सरावानंतर पहिल्या वीसपैकी किती जण रोस्टरवर (टीमच्या यादीत) उरले.

क्लासचा आकार मात्र सलग रेषेत ताडू नये. २०२१ च्या क्लासपर्यंत वर्षाला २५ ची मर्यादा, मग ती सैल झाली, पुढे उठली. २०२५ च्या मोसमापासून ८५ स्कॉलरशिपऐवजी १०५ जणांचा रोस्टर. तीन वेगळे तक्ते केलेत. ट्रान्सफर पोर्टलमधून (दुसऱ्या कॉलेजातून) आलेले अजून कुठेच धरलेले नाहीत, त्यांची रेटिंग वेगळ्या मोजपट्टीची. पुढच्या नोंदीत त्यांचा स्वतंत्र तक्ता.