मामांच्या पिकअपमधला चार्जर

मामांचा फोन माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. सोबत एका रुमालात गुंडाळलेला चार्जर होता, गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खुपसतात तसला. "बघ गं, काही होतंय का," एवढंच मामा म्हणाले आणि चहाला बसले.

जुलै २०१८ मधली गोष्ट. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून मामा संध्याकाळी वाशीला निघाले होते. आळेफाट्यावरून पुढे माळशेज. घाटात पाऊस आणि धुकं, आणि तिथे रेंज येते-जाते म्हणून फोनची बॅटरी भराभर उतरते. रेंज शोधताना फोन जास्त ताकद खातो. म्हणून फोन चार्जिंगला लावलेला. एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली, डॅशबोर्डचे दिवे क्षणभर लख्ख झाले आणि फोन गेला तो गेलाच. वाशीत व्यापाऱ्याचा नंबर फोनमध्ये, मामींचा नंबर फोनमध्ये. मामांना पाठ असलेला एकच नंबर आजोळच्या जुन्या लँडलाइनचा, आणि तो कधीच बंद झालेला. दुसऱ्या दिवशी अकराला पिकअप दारात उभी राहीपर्यंत मामींनी डोळ्याला डोळा लावला नव्हता.

मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेला, भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये टेस्टिंगला आहे. दिवसभर दुसऱ्यांची सर्किटं तपासते. त्या दिवशी घरच्या माणसाला रात्रभर अडकवणारं सर्किट हातात आलं आणि मला खरंच राग आला.

चार्जर उघडला. आत ३४०६३ नंबरचा आयसी (गाडीचे व्होल्ट उतरवून पाचवर आणणारी चिप), एक कॉइल, एक डायोड, दोन कपॅसिटर आणि निळा एलईडी. एवढंच. पुढच्या टोकात काचेचा फ्यूज असायला हवा, तिथे फक्त स्प्रिंग. मल्टिमीटर लावला, तर इनपुटपासून यूएसबीच्या पॉझिटिव्हपर्यंत सरळ बीप. म्हणजे आयसीतला स्विच शॉर्ट झाला होता आणि गाडीचे चौदा व्होल्ट, पाच व्होल्टवर जगणाऱ्या फोनमध्ये थेट घुसले होते.

मग बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमलेली, आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. तिथेच सगळा उलगडा झाला. मामांना तो मी विहिरीच्या मोटरीवरून सांगितला. मोटर जोरात पाणी फेकतेय आणि कुणी व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर पाइपात काय होतं? दणका बसतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बॅटरीत करंट ढकलत असताना टर्मिनल निसटलं की तोच दणका वायरिंगमध्ये बसतो. याला लोड डंप म्हणतात. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयएसओ १६७५० नावाचं मानक आहे. अल्टरनेटरमध्ये संरक्षण नसेल तर बारा व्होल्टच्या गाडीत हा दणका ७९ ते १०१ व्होल्टचा धरावा, आणि तो ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो असं समजावं, असं त्यात आहे. ३४०६३ ची मर्यादा ४० व्होल्ट. तो बिचारा काय करणार.

"मग तूच कर की एक चांगला," मामा म्हणाले.

डिप्लोमात असताना मी ७८०५ लावून असला चार्जर केला होता. हा आयसी जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकतो. तो साधा आणि भरवशाचा, पण १४ व्होल्टचे ५ करताना एक अँपिअरला ९ वॅटची नुसती उष्णता. फोनला पाच वॅट आणि हवेला नऊ! मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या पिकअपच्या डॅशबोर्डला हात लावून बघा, तिथे आणखी नऊ वॅट कुठे टाकणार? म्हणून स्विचिंगच हवं होतं, म्हणजे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारं सर्किट. बाजारात एलएम २५९६ या स्विचिंग आयसीचे तयार मॉड्यूल मिळतात, तेच आणून डब्यात बसवलं आणि मामांना दिलं.

चार दिवसांनी दोन तक्रारी आल्या. पहिली, फोन फार हळू भरतो. ही माझीच चूक. यूएसबीच्या मधल्या दोन डेटा पिना मी मोकळ्या सोडल्या होत्या. त्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तरच फोनला कळतं की समोर चार्जर आहे, आणि मग तो दीड अँपिअरपर्यंत घेतो. नाहीतर कॉम्प्युटरच आहे असं समजून अर्ध्या अँपिअरवर बसून राहतो. शिवाय वायर. स्वस्त केबलमध्ये केसासारख्या तारा असतात. २८ गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.४३ ओहम. दीड अँपिअरला सहा दशांश व्होल्ट वायरच गिळते. मामांना जाड केबल आणून दिली, आउटपुट ५.१ वर ठेवलं, तक्रार मिटली.

दुसरी तक्रार मात्र मला आवडली. "चार्जर लावला की पुणे केंद्र लागत नाही. नुसती शिट्टी." पहाटे परतताना मामा मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे लावतात. भक्तिगीतं ऐकल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. पुण्याची फ्रीक्वेन्सी ७९२ किलोहर्ट्झ. २५९६ चा स्विच १५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. माझ्या मॉड्यूलचा मोजला तर १५८ निघाला. १५८ गुणिले पाच, ७९०. बरोबर पुण्याच्या मांडीवर जाऊन बसलेला! कागदावर शिकलेलं हार्मॉनिक, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत निघणारा सूर, असं काकड आरतीच्या वेळेला समोर येईल असं वाटलं नव्हतं.

आणि एक तिसरी गोष्ट मलाच खात होती. २५९६ सुद्धा चाळीस व्होल्टचाच. संरक्षणासाठी टीव्हीएस डायोड लावायचा, म्हणजे व्होल्ट मर्यादेबाहेर गेले की दणका स्वतःवर घेणारा डायोड, तर तो किती व्होल्टचा? मामांच्या ओळखीतले ट्रकवाले आज ना उद्या हा चार्जर उसना नेणार, आणि ट्रकला दोन बॅटऱ्या, चोवीस व्होल्ट, चार्जिंगला अठ्ठावीस. म्हणजे डायोड ३३ व्होल्टचा हवा. पण ३३ चा डायोड पूर्ण दणक्यात ५३ व्होल्टवर जाऊन धरतो. तोवर चाळीसचा आयसी मेलेला. दारावर पहारेकरी ठेवायचा आणि त्याच्यापेक्षा आधी चोर आत, असला प्रकार.

म्हणून आयसी बदलला. एलएम २५७६ एचव्ही घेतला, जुना आणि आकाराने ढोबळ, पण साठ व्होल्ट सोसणारा. त्याचा स्विच ५२ किलोहर्ट्झवर चालतो. पुण्याजवळ पोचायला त्याला पंधरावा हार्मॉनिक लागतो, आणि तोवर त्यात जोर उरत नाही. कॉइल मोठी लागली, डबा मोठा झाला. इनपुटला आणखी एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर टाकून जी काही शिट्टी उरली होती तीही मिटवली. कपॅसिटर ६३ व्होल्टचे आणि १०५ डिग्रीचेच घेतले. दर दहा डिग्रीला कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून ८५ डिग्रीवाले डॅशबोर्डात घालायचे नाहीत.

टीव्हीएस डायोड फ्यूजच्या आधी नाही, नंतर बसवला. दणका त्याच्या कुवतीबाहेरचा असेल तर तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. वायरमनने कधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट जोडलं तरी हाच डायोड फ्यूज उडवतो. एकाच भागाची दोन कामं.

पण हे सगळं करूनही माझा त्या आयसीवर विश्वास नव्हता. मामांचा जुना चार्जर बंद पडला याचं मला दुःख नव्हतं, तो फोनला घेऊन गेला याचं होतं. आयसी कधीतरी शॉर्ट होणारच असं धरूनच बसायला हवं. म्हणून आउटपुटवर एक एससीआर (एकदा पेटला की चालूच राहणारा स्विच) आणि त्याला ठरावीक व्होल्टला इशारा देणारा एक झेनर डायोड लावला. आउटपुट सातच्या जवळ गेलं की एससीआर पेटतो, प्लस-मायनस एकत्र करतो आणि मागे फ्यूज उडतो. या सर्किटला क्रोबार म्हणतात. क्रोबार म्हणजे पहार. खरोखर तसंच आहे ते, जीव वाचवायचा तर दोन तारांवर पहार आडवी टाकायची.

मग परीक्षा. चालू चार्जरमध्ये मी मुद्दाम आयसीच्या इनपुट आणि आउटपुट पायावर वायरचा तुकडा टेकवला. समोर आजीचा जुना बटणांचा फोन लावलेला, आणि व्होल्टची रेघ दाखवणाऱ्या स्कोपवर नजर. खरं सांगते, हात थरथरत होता. "फट्" असा बारीक आवाज. स्क्रीनवर रेघ ५.१ वरून सातच्या जवळ चढली आणि सरळ शून्याला आली. काचेचा फ्यूज आतून काळा. आजीचा फोन चालू! मी पुन्हा फ्यूज घातला, पुन्हा शॉर्ट केला. सहा फ्यूज घालवले, सहाही वेळा फोन जिवंत. आई दारात येऊन बघून गेली, ही एकटीच का हसतेय म्हणून.

लायटर सॉकेटचा नाद सोडून दिला. ते मुळात सिगारेट पेटवायच्या गरम कॉइलसाठी केलेलं. स्प्रिंगच्या टोकावर सगळा करंट, आणि आमच्या रस्त्यांवर ते टोक दर खड्ड्याला उडतं, ठिणगी पडते, टोक काळं पडतं. मी डबा डॅशबोर्डखाली स्क्रूने पक्का केला, फ्यूज बॉक्समधून चावीच्या लाइनवर वेगळी वायर घेतली. चावी काढली की चार्जर बंद, म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली तरी बॅटरी उतरायची भीती नाही. झाकणाच्या आत दोन जादा फ्यूज टेपने चिकटवले आणि मामांना ते बदलायला शिकवलं.

त्यानंतर आणखी पाच केले, दोन ट्रकसाठी. आता सगळ्यांना टाइप-सी आणि फास्ट चार्जिंग हवंय, त्याचा बोर्ड टेबलावर अर्धवट पडलाय. त्यात फोनच नऊ व्होल्ट मागतो, म्हणजे सातला पडणारी माझी पहार चालणार नाही. तिथे अडले आहे. त्यावर वेगळं लिहीन.

मागच्या आठवड्यात पहाटे तीनला मामांचा फोन आला. माळशेजच्या खाली टोकावड्याला थांबले होते.

"अगं, चार्जर बंद पडला."

"आणि फोन?"

"त्याच्यावरनंच बोलतोय ना."

फ्यूज बदलून बघितला होता, तोही लगेच उडाला. रविवारी डबा उघडला तर टीव्हीएस डायोड शॉर्ट झालेला, आयसी मात्र ठणठणीत. डायोड बदलला, चार्जर चालू झाला. बॅटरीचं टर्मिनल तपासलं तर ते घट्ट होतं, स्वच्छ होतं, वर ग्रीसही लावलेलं. म्हणजे या वेळी दणका दुसरीकडून आलाय. अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरवर माझा संशय आहे. पुढच्या रविवारी मीटर लावून इंजिन रेस करून बघायचं ठरलंय. तोपर्यंत मामांना बजावलंय, वाशीची ट्रिप दुसऱ्या गाडीने करा.