लाखाला हजार

मी डोंबिवलीत भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन पाठीवर टाकायचं आणि लोकांच्या घरी जायचं, असं हे काम. त्यातला कायदा वर्षभरात अंगवळणी पडतो. वेळ खातात ते म्हाताऱ्या माणसांचे अंगठे. जन्मभर भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. मी आधी साबणाने हात धुवायला लावतो, कोरडे पुसायला सांगतो आणि मग अंगठा कपाळावरून फिरवायला लावतो. कपाळाचा तेलकटपणा लागला की मशीन बहुतेक वेळा रेषा पकडतं.

त्या आजींचा अंगठा सातव्या खेपेला लागला. त्या आणि आजोबा भाडेकरू. आजोबा शाळेत शिपाई होते, ग्रॅच्युइटीतले 6 लाख त्यांनी डिपॉझिट म्हणून दिले होते आणि भाडं ठरलं होतं 8,000. मालक तिशीतला, नोकरीवाला. राहता फ्लॅट वडिलांचा, हा दुसरा त्याने भाड्याने द्यायलाच घेतलेला. 38 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 33,000 च्या आसपास. साधं भाडं 14,000 येत होतं. वरचे 19,000 पगारातून घालणं त्याला जड जात होतं, म्हणून एजंटने हेवी डिपॉझिटची, म्हणजे डिपॉझिट मोठं आणि महिन्याचं भाडं कमी, अशी वाट दाखवली. "लाखाला हजार कमी करायचे. सहा लाख घ्या, थेट कर्जात भरा, व्याज वाचेल."

आमच्याकडे हा हिशोब सगळ्यांच्या तोंडी असतो आणि कुणी तो मांडून बघत नाही. लाखाला महिना हजार म्हणजे वर्षाला 12 हजार, म्हणजे 12 टक्के. बँक साडेआठ टक्के घेत होती. म्हणजे हा मुलगा भाडेकरूकडून 12 टक्क्यांनी पैसे उचलून साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडत होता. सहा लाखांवर वर्षाला 51 हजार व्याज वाचणार आणि 72 हजार भाडं जाणार. वर 11 महिन्यांनी ते सहा लाख एकरकमी परत द्यायचे, आणि कर्जात भरलेली रक्कम बँक मागितली म्हणून परत देत नाही. शिवाय पार्ट पेमेंट करताना सांगितलं नाही तर बहुतेक वेळा हप्ता तोच राहतो, मुदत कमी होते. त्याचं तेच झालं. हप्ता 33,000 च राहिला, भाडं 8,000 वर आलं, आणि खिशातून 19 च्या जागी 25 हजार जायला लागले.

मुद्रांक शुल्काचं गणित रोज मीच करतो. 11 महिन्यांच्या भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या पाव टक्का भरायचं. म्हणजे डिपॉझिट हा वापरायला मिळालेला पैसा आहे, त्याला व्याज असतं, हे सरकार त्या फॉर्ममध्येच धरतं. ती रक्कम त्या दिवशी माझ्याच बोटांनी भरली गेली आणि मी गप्प बसलो. माझी निम्मी कामं त्या एजंटकडून येत होती.

मुदत संपायच्या आधी आठ दिवस त्या मुलाचा फोन आला. आजी-आजोबांना लेकीजवळ जागा मिळाली होती. नवं गिऱ्हाईक 7 लाख द्यायला तयार होतं, त्यातूनच जुने सहा द्यायचे होते. तारीख ठरली, मी मशीन घेऊन गेलो. नवी पार्टी आलीच नाही. आजींनी सामान बांधून ठेवलं होतं, गॅसची शेगडीसुद्धा गोणपाटात गुंडाळलेली. चावी देताना डिपॉझिट परत, असं करारात लिहिलेलं, आणि ते कलम मीच छापलेलं. एजंट मात्र आजोबांना सुनावत होता, "मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट भाडं, कलम 24 आहे." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं हे कलम खरं आहे. पण ते जागा अडवून बसणाऱ्यांसाठी आहे. बोचकी बांधून स्वतःच्या पैशांची वाट बघणाऱ्या माणसाला ते दाखवणं हा निव्वळ नीचपणा आहे, आणि तसं मी त्याला तोंडावर म्हणालो.

मग त्याच बोचक्यांवर बसून, जुन्या कराराच्या पाठकोऱ्या बाजूला मी त्या मुलाला सगळा हिशोब मांडून दाखवला. आज सात लाख घेतले, तर पुढच्या वर्षी सात लाख कुठून आणणार? त्याने कागद दोनदा उलटसुलट केला. निदान प्राप्तिकरात तरी सुटेन, असं त्याला वाटत होतं. त्याची नवी करप्रणाली, आणि तिच्यात भाड्याने दिलेल्या घराचा तोटा, म्हणजे भाड्याहून जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा होत नाही, हेही तेव्हाच कळलं. पाटल्या-बांगड्या गहाण ठेवून चार लाख होतील, दोन लाख मेहुण्याकडून, असं त्याने तिथेच बसून ठरवलं.

तोवर चावी कुणाकडे? आजींनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमच्याकडे असू द्या. माझा अंगठा तुम्हीच लावून घेतलात." पुढचे नऊ दिवस ती माझ्या बॅगेत, अंगठ्याच्या मशीनच्या कप्प्यात होती.

पैसे जमा झाल्याचा आजोबांचा फोन आला, तसं मी त्या मुलाला बोलावलं. आता तो 14,500 भाडं आणि 50 हजार डिपॉझिटवर जागा देणार होता. चावी घेता घेता त्याने विचारलं, "काका, हे सगळं तुम्हाला पहिल्या करारावेळीच माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्याने मान हलवली, चावी खिशात टाकली आणि जिना उतरून गेला. नवा करार त्याने दुसऱ्या कुणाकडून करून घेतला.